हेतूचीं रूपें एक, तीन कीं पांच? तर्कशास्त्रांच्या वादाचा पोथ्यांतील पुरावा

(१)

न्यायशास्त्राच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस तर्कसंग्रह, त्यावरील दीपिका व मुक्तावली हे ग्रंथ परके नाहींत. १८९७ सालीं यशवंत वासुदेव आठल्ये यांची तर्कसंग्रहाची सटीप आवृत्ति महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत निघाली, तेव्हांपासून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांसही हा ग्रंथ परिचयाचा झाला. यामुळें अनुमानाचें वाक्य म्हणजे पांच अवयवांचें, हें आपल्या मनांत इतकें दृढ झालें आहे कीं, दोनच अवयव सांगून थांबणारें एखादें सुटें पान हातीं आलें तर त्यावर 'त्रुटित' असा शेरा मारण्याचा मोह होतो. हा शेरा पुष्कळदां चुकीचा ठरेल. तें पान त्रुटित नसून दुसऱ्या तर्कशास्त्राचें असूं शकेल.

परंतु 'दुसरें तर्कशास्त्र' असें म्हणतांच एक मोठा प्रश्न उभा राहतो. तर्कशास्त्र हें जर खऱ्या अनुमानाची परीक्षा करणारें शास्त्र असेल, तर तें एकच असावयास नको काय? एकाहून अधिक तर्कशास्त्रें एकाच वेळीं खरीं असूं शकतात काय? युरोपांत हा प्रश्न विसाव्या शतकांत तीव्रतेनें पुढें आला. १९०८ मध्यें ब्रौवर यानें 'एखादें विधान खरें तरी असतें किंवा खोटें तरी' हा नियम अनंत समूहांना बेधडक लावण्यास हरकत घेतली. १९२० मध्यें लुकासिएविच यानें खरें व खोटें यांशिवाय तिसरें मूल्य मानणारें तर्कशास्त्र मांडलें. आणि २००६ मध्यें बील व रेस्टॉल या दोघांनीं अनेक तर्कशास्त्रें खरीं असूं शकतात असा पक्ष ग्रंथरूपानें प्रतिपादिला. आपल्या देशांत नैयायिक, बौद्ध व जैन हे तीन पक्ष अनुमानाच्या नियमांविषयीं एक हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकांशीं भांडत होते, व त्या भांडणाचे कागद, म्हणजे ताडपत्रें व पोथ्या, आज आपणांस उपलब्ध आहेत. या पुराव्यावरून वरील प्रश्नास काय उत्तर मिळतें, तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

प्रथम अवयवांचा वाद घेऊं. 'पर्वतावर अग्नि आहे' ही प्रतिज्ञा; 'कारण तेथें धूर आहे' हा हेतु; 'जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर' हें उदाहरण; 'तसाच हा पर्वत' हा उपनय; आणि 'म्हणून तेथें अग्नि आहे' हें निगमन. गौतमाच्या न्यायसूत्रांतील हे पांच अवयव होत. परंतु न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनच सांगतो कीं, कांहीं नैयायिक यांत जिज्ञासा, संशय, शक्यप्राप्ति, प्रयोजन व संशयव्युदास असे आणखी पांच मिळवून दहा अवयव मानीत. मीमांसकांस पांचांतील पहिले तीन किंवा शेवटचे तीन पुरतात. धर्मकीर्तीच्या मार्गानें जाणारे बौद्ध प्रतिज्ञा व निगमन दोन्ही गाळतात. 'जें जें उत्पन्न होतें तें तें अनित्य, जसा घट. आणि शब्द उत्पन्न होतो' एवढें म्हटलें कीं त्यांचें वाक्य संपलें. जाणत्यास तर नुसता हेतु सांगितला तरी चालेल, असें धर्मकीर्तीचें मत आहे.

जैनांची भूमिका येथें विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. दशवैकालिकाच्या निर्युक्तींत, श्रोता पाहून कोठें पांच तर कोठें दहा अवयव योजावे, असें सांगितलें आहे. पुढें माणिक्यनंदीनें परीक्षामुखांत हा विचार अधिक नेमका केला. अनुमानाचीं खरीं अंगें प्रतिज्ञा व हेतु हीं दोनच; उदाहरण, उपनय व निगमन हीं बालकांच्या व्युत्पत्तीकरितां शास्त्रांत सांगावीं, वादांत त्यांचा उपयोग नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. म्हणजे एकाच ग्रंथकारास दोन अवयव व पांच अवयव हे दोन्ही प्रकार मान्य आहेत; मात्र कोणता प्रकार कोणासाठीं, हें तो सांगतो.

येथवर पाहतां उत्तर सोपें वाटतें. अवयवांची संख्या ही बोलण्याची रीत आहे, श्रोत्याप्रमाणें ती बदलते, आणि म्हणून अनेक रीति एकाच वेळीं योग्य असूं शकतात. परंतु वादसभेंत हा प्रश्न इतका निरुपद्रवी नव्हता.

(३)

न्यायसूत्रांत पराजयाचीं बावीस स्थानें सांगितलीं आहेत; त्यांस निग्रहस्थानें म्हणतात. त्यांपैकीं 'न्यून' हें एक. पांच अवयवांपैकीं एकही गाळला तर वादी हरला. उलट धर्मकीर्तीनें वादन्यायांत असें ठरविलें कीं, जें साध्य सिद्ध करण्याचें अंग नव्हे तें बोलणें हाच पराजय होय. आणि प्रतिज्ञा हें त्याच्या मतें असें अंग नव्हे. याचा परिणाम काय होतो तें पाहावें. सभेंत एक वादी उभा राहून 'शब्द अनित्य आहे' या प्रतिज्ञेनें आरंभ करितो. बौद्ध नियमानें तो पहिल्याच वाक्याला हरला. तोच वादी प्रतिज्ञा गाळून बोलला तर न्यायसूत्राच्या नियमानें हरला. एकच भाषण एका शास्त्राप्रमाणें निर्दोष आणि दुसऱ्याप्रमाणें पराजयास पात्र. मग मध्यस्थानें निर्णय कोणत्या शास्त्रानें द्यावा?

'दोन्ही शास्त्रें आपापल्या घरीं खरीं' हें उत्तर या सभेंत निरुपयोगी आहे. कारण सभा एकच आहे व जयपत्रही एकच आहे. ही अडचण जैन तार्किकांनीं ओळखली. अकलंक, त्याचा टीकाकार विद्यानंद व पुढें हेमचंद्र यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रतिपक्ष्याच्या बोलण्यांत एखादा अवयव कमी कीं जास्त यावरून जय ठरत नाहीं. ज्यानें आपला पक्ष सिद्ध केला तो जिंकला. आणि एकाचा पक्ष सिद्ध होणें हाच दुसऱ्याचा निग्रह. नैयायिकांचें 'न्यून' व बौद्धांचें 'असाधनांग' या दोहोंसही त्यांनीं एकाच न्यायानें बाजूस सारिलें. अवयवांच्या नियमांत भेद राहूं दिला, परंतु निर्णयाची कसोटी मात्र एक मागितली.

आतां प्रश्न असा कीं, 'पक्ष सिद्ध झाला' हें तरी कोणत्या लक्षणानें ओळखावयाचें? तेथें तरी तिघांचें एकमत आहे काय?

(४)

खऱ्या हेतूचें लक्षण काय, यावर तिघांचीं उत्तरें वेगळीं आहेत. दिङ्नागापासून बौद्ध तीन रूपें मानितात: हेतु पक्षावर असावा, सपक्षांत असावा व विपक्षांत नसावा. नैयायिक यांत आणखी दोन रूपें मिळवितात: साध्य दुसऱ्या प्रमाणानें बाधित नसावें, आणि उलट सिद्ध करणारा तुल्यबळ हेतु नसावा. जैनांचें म्हणणें असें कीं, साध्यावांचून हेतूची उपपत्ति न लागणें, म्हणजे अन्यथानुपपन्नत्व, हें एकच रूप पुरे. तें असेल तर तिहींचें काम नाहीं, व तें नसेल तर तीन असूनही उपयोग नाहीं. हा पक्ष पात्रस्वामी या जैन आचार्यानें 'त्रिलक्षणकदर्थन' नांवाच्या ग्रंथांत मांडला. श्रवणबेळगोळ येथील शके १०५० च्या मल्लिषेण-प्रशस्तींत पात्रकेसरी या नांवानें त्याचा व या ग्रंथाचा गौरव असून, तो रचतांना पद्मावती देवी त्यास सहाय झाली असें म्हटलें आहे.

तिन्ही पक्षांच्या ग्रंथांत फिरणारें एक जुनें उदाहरण घेऊं. मैत्रीचा गर्भांतील मुलगा काळाच असेल, कारण तो मैत्रीचा मुलगा आहे, तिच्या इतर मुलांप्रमाणें. जैन म्हणतात, येथें तिन्ही रूपें दिसतात, तरी हेतु खोटा आहे. म्हणून तीन रूपें हें लक्षण नव्हे. यावर बौद्ध म्हणतात कीं, तिसरें रूप येथें निश्चित नाहीं. मैत्रीचा गोरा मुलगा असणें अशक्य आहे असें कोणीं ठरविलें? म्हणून विपक्षांतून हेतूची निवृत्ति संशयित आहे. नैयायिक म्हणतात, हा हेतु सोपाधिक आहे. मुलांचा काळेपणा आईनें गरोदरपणीं खाल्लेल्या पालेभाजीमुळें आला, तिच्या पोटीं जन्मल्यामुळें नव्हे. तिघांचीं कारणें तीन आहेत, परंतु निकाल एकच आहे. ज्या हेतूस एकानें खोटें ठरविलें त्यास इतरांनींही आपापल्या परिभाषेनें खोटेंच ठरविलें. तिघांच्याही मनांत अविनाभावाची, म्हणजे एकाशिवाय दुसरें न असण्याची, जाणीव अगोदरच होती. लक्षणें तिला शब्द देण्याकरितां केलेलीं आहेत. तत्त्वसंग्रहांत शांतरक्षितानें पात्रस्वामीस उत्तर देतांना, तुमचें एक रूप नीट तपासलें तर तें आमच्या तीन रूपांतच येतें, असाच रोख धरिला आहे.

परंतु सर्वच उदाहरणांत असा सलोखा होत नाहीं. कृत्तिका उगवल्या आहेत, म्हणून थोड्याच वेळानें रोहिणी उगवेल, हें अनुमान ज्योतिषीच काय पण रात्रीं आकाश पाहणारा कोणीही करितो. यांत पक्ष रोहिणी. हेतु मात्र कृत्तिकांच्या ठिकाणीं आहे, रोहिणीच्या ठिकाणीं नाहीं. म्हणजे पहिलें रूपच येथें नाहीं, आणि तरी अनुमान खरें आहे. त्रैरूप्यवादी यावर म्हणूं शकतो कीं, काळ किंवा आकाश यांसच पक्ष माना, म्हणजे हेतु पक्षावर येईल. जैनांचें प्रत्युत्तर मोठें चतुर आहे. पक्ष असा हवा तेवढा ताणतां येत असेल, तर साऱ्या जगास पक्ष करून, कावळा काळा आहे म्हणून वाडा पांढरा आहे, हेंही सिद्ध करितां येईल. कारण कावळ्याचा काळेपणा जगांतच आहे! येथें दोन्ही मतें एकाच अर्थानें खरीं राहूं शकत नाहींत. पहिलें रूप अक्षरशः आवश्यक मानलें तर सर्वमान्य अनुमान खोटें पडतें, व ताणलें तर तें रूप कशासही अडवीत नाहीं. या ठिकाणीं पात्रस्वामीच्या पक्षाचें पारडें जड आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

(५)

कोणी म्हणेल, जैनांस असा कठोर निकाल शोभत नाहीं. कारण त्यांचा स्याद्वाद सर्वच मतांस खरें म्हणतो. हा समज फार पसरलेला आहे, व तो नवीनही नाहीं. एकाच वस्तूच्या ठिकाणीं असणें व नसणें हे विरुद्ध धर्म संभवत नाहींत, असा आक्षेप शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत घेतला. धर्मकीर्तीनें तर प्रमाणवार्तिकांत थट्टाच केली: सर्व वस्तु उभयरूप असतील, तर दहीं खा म्हटलेला मनुष्य उंटाकडे कां धांवत नाहीं? यास अकलंकानें न्यायविनिश्चयांत त्याच नाण्यानें उत्तर दिलें. सुगत पूर्वजन्मीं मृग झाला होता व मृगच पुढें सुगत झाला, असें तुम्हीच सांगतां. तरी सुगतास वंदन करितां व मृगास खाद्य समजतां. तेथें जसा तुम्ही अवस्थाभेदानें भेद करितां, तसाच दहीं व उंट यांत आम्हीही करितों.

हें उत्तर नीट वाचावें. विरोध असला तरी चालतो, असें अकलंक कोठेंही म्हणत नाहीं. विरोध दिसतो तेथें दृष्टि वेगळी आहे, हें तो दाखवितो, व तेंही प्रतिपक्ष्याच्याच मान्य गोष्टींतून प्रसंग काढून. 'स्यात्' हा शब्द विधानास मोकळीक देत नाहीं, मर्यादा घालतो: अमुक द्रव्य, अमुक क्षेत्र, अमुक काल व अमुक भाव यांच्या अपेक्षेनें. एकच दृष्टि धरून इतरांस नाकारणाऱ्या मतास जैन दुर्नय म्हणतात, म्हणजे त्यांच्या शास्त्रांतही खोटें मत आहेच. पुढें महालनोबिस यांनीं १९५४ मध्यें व हाल्डेन यांनीं १९५७ मध्यें स्याद्वादाचा नव्या सांख्यिकीशीं व विज्ञानाशीं असलेला संबंध तपासला. त्यांचे ते लेख अभ्यसनीय आहेत. तथापि स्याद्वादास सर्वमतसमर्थन समजणें हें मूळ ग्रंथांस धरून नाहीं.

(६)

आतां या वादाचे कागद कोठें सांपडले तें पाहूं. कारण संग्राहकांस यांतच खरा बोध आहे. धर्मकीर्तीच्या न्यायबिंदूवरील धर्मोत्तराची टीका मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतील संस्कृताचे अध्यापक पीटर पीटर्सन यांस खंबायत येथील शांतिनाथाच्या जैन भांडारांत मिळाली, व १८८९ सालीं ती कलकत्त्यास छापली गेली. बौद्धांच्या न्यायप्रवेशावर टीका लिहिणारा हरिभद्र हा जैन आचार्य. ती टीका १९३० सालीं आनंदशंकर ध्रुव यांनीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध केली. शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह कमलशीलाच्या पंजिकेसह त्याच मालेंत १९२६ सालीं निघाला, तो पाटणच्या जैन भांडारांतील पोथीवरून. ज्या प्रमाणवार्तिकांत दहीं व उंटाची थट्टा आहे, त्याचा संस्कृत मूळ ग्रंथ राहुल सांकृत्यायन यांनीं तिबेटांतून आणून १९३८ सालीं छापविला. आणि अकलंकाचें उत्तर ज्यांत आहे तो न्यायविनिश्चय, टीकेंतून मूळ श्लोक वेंचून, महेंद्रकुमार यांनीं १९३९ सालीं सिंघी ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. शतकांपूर्वींचे प्रश्न व उत्तर असे एका वर्षाच्या अंतरानें वाचकांपुढें आले.

या सर्वांत पात्रस्वामीची गोष्ट अधिक विलक्षण आहे. त्याचा त्रिलक्षणकदर्थन हा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. त्याचें मत विस्तारानें कळतें तें त्याचें खंडन करणाऱ्या बौद्ध शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहांतून. हीं पात्रस्वामीचीं वचनें आहेत, हें कमलशीलाच्या पंजिकेवरून समजतें. आणि तो बौद्ध ग्रंथ आपल्या हातीं आला तो जैन भांडारांतून. जैनाचें म्हणणें बौद्धानें राखलें व बौद्धाचें जैनांनीं. दोहोंपैकीं एकानेंही परमताचा ग्रंथ म्हणून तो टाकला असता, तर पात्रस्वामीचें आज आपणांस नांवच राहिलें असतें.

हें रक्षण, सर्व मतें सारखींच खरीं आहेत, अशा भावनेनें झालें काय? पुरावा तसें म्हणूं देत नाहीं. अकलंक बौद्धांचें खंडन करितो, हरिभद्र बौद्ध ग्रंथाचें व्याख्यान करितो. मल्लवादी नांवाचा दुसरा एक जैन धर्मोत्तराच्या टीकेवर टिप्पण लिहितो, आणि जयसिंहसूरि भासर्वज्ञाच्या न्यायसारावर टीका रचितो. ज्याचें खंडन करावयाचें त्याचें म्हणणें आधीं त्याच्याच शब्दांत शुद्ध राखलें पाहिजे, ही शिस्त या सर्वांच्या मुळाशीं दिसते. परमत मान्य करणें वेगळें आणि तें यथार्थ समजून घेणें वेगळें.

(७)

एवढ्यावरून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें निघतें. अनुमान कसें बोलावें, किती अवयवांनीं सांगावें, याविषयीं एकाहून अधिक शास्त्रें एकाच वेळीं खरीं असूं शकतात. मात्र प्रत्येकानें आपला श्रोता व प्रयोजन सांगितलें पाहिजे, जसें माणिक्यनंदीनें सांगितलें. परंतु हेतु साध्यास खरोखर बांधलेला आहे कीं नाहीं, याविषयीं मात्र दोन परस्परविरुद्ध निकाल दोन्ही खरे असूं शकत नाहींत. तेथें लक्षणांची परीक्षा उदाहरणांनीं होते, आणि तीं उदाहरणें दोन्ही पक्षांस मान्य असावीं लागतात. मैत्रीचा मुलगा, कृत्तिका व रोहिणी, कावळा व वाडा यांचा निकाल तिन्ही पक्षांस एकच देतां आला, म्हणूनच त्यांचा वाद हजार वर्षें चालूं शकला. कांहींच समान नसतें, तर वाद पहिल्याच दिवशीं संपला असता.

संग्राहकांकरितां व्यवहाराची गोष्ट एवढीच. न्यायाचें सुटें पान हातीं आलें तर त्यावर शेरा मारण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. वाक्य प्रतिज्ञेनें सुरू होतें कीं व्याप्तीनें. हेतूचीं रूपें किती मोजलीं आहेत. आणि 'न्यून' हा दोष मानला आहे कीं नाहीं. प्रतिज्ञा नसेल व रूपें तीन असतील तर पान बहुधा बौद्धांचें. प्रतिज्ञा व हेतु एवढेंच असून अन्यथानुपपत्तीवर भर असेल तर जैनांचें. पांच अवयव व पांच रूपें असतील तर नैयायिकांचें. अर्थात् पूर्वपक्ष म्हणून दुसऱ्याचें मत दिलें असण्याचा संभव सदैव ध्यानीं ठेवावा. किंबहुना तो पूर्वपक्षच अधिक जपावा. एखाद्या नष्ट ग्रंथाचा शेवटचा आश्रय तोच असूं शकतो.